व्यासांची अट

॥ श्री गणेशाय नमः ॥



गणेशोत्सवाच्या दिवसांत आपण गणरायाला किती नावांनी आळवतो! विघ्नहर्ता, बुद्धिदाता, गणनायक. पण त्याने एकदा कारकुनी केली होती, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो आणि स्वतः मात्र विसरतो. महर्षी व्यासांच्या मनात महाभारत सिद्ध झाले होते, ते लिहून घेणारा कोणी मिळेना. ब्रह्मदेवांनी गणपतीचे नाव सुचवले. गणपती तयार झाला, पण त्याने आधी अट घातली. माझी लेखणी क्षणभरही थांबता कामा नये. व्यासांनी ती मान्य केली आणि लगेच आपली अट पुढे ठेवली. अर्थ समजल्याखेरीज एक अक्षरही लिहायचे नाही. गणपती 'ओम्' म्हणाला आणि लिहायला बसला. मग व्यास मधूनमधून असा काही कूट श्लोक घालीत की प्रत्यक्ष बुद्धीच्या देवतेलाही क्षणभर विचार करावा लागे, आणि तेवढ्यात व्यासांचे पुढचे श्लोक तयार होत. अशा कूट श्लोकांची संख्या परंपरा ८,८०० सांगते.

(पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती काढली, तिच्यात ही कथा मुख्य संहितेत नाही, परिशिष्टात आहे. म्हणजे ती मागाहून आली असावी. मला त्याने काही फरक पडत नाही. मागाहून का होईना, कोणाला तरी ती घालावीशी वाटली, हेच महत्त्वाचे.)

या कथेकडे मी अलीकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो आहे. दोघे मिळून एक मोठे काम करायला निघाले आहेत. एकाकडे माल आहे, दुसऱ्याकडे हात आहे. दोघांचे एकमेकांवाचून अडते. एक महर्षी, दुसरा देव. विश्वासाला कमतरता असण्याचे काही कारणच नाही. तरीही कामाला हात घालण्यापूर्वी दोघांनी अटी ठरवल्या, आणि कोणाचाही अपमान झाला नाही. 'मी साक्षात गणपती, आणि मला अट घालता?' असे तो म्हणाला नाही. व्यवसायातल्या भागीदारीचा इतका सुंदर करारनामा मला दुसरीकडे सापडलेला नाही.

आपण मराठी माणसे मात्र इथेच अडखळतो. 'अहो, आपल्यात कशाला कागद?' हे वाक्य मी भारतात ऐकले, आणि इथे सिंगापूरला तर जास्तच ऐकतो. परदेशात आपले माणूस भेटले की आनंदाने ऊर भरून येतो. एकाच गावचे, एकाच कॉलेजचे, एकाच आरतीला टाळ वाजवणारे. अशा माणसाकडे हिशेब मागायचा म्हणजे जीभच रेटत नाही.

एक उदाहरण सांगतो. नावगाव काढून टाकले आहे, आणि दोन-तीन घरांत घडलेले एकत्र केले आहे, म्हणून कोणी शोध घेत बसू नये. दोन मित्रांनी मिळून भारतातून खाद्यपदार्थ आणून विकण्याचा धंदा काढला. एकाची चांगली नोकरी होती, त्याने भांडवल घातले. दुसऱ्याने नोकरी सोडून दुकान सांभाळले. नफा निम्मा-निम्मा, हे जेवणाच्या टेबलावर ठरले, कागदावर नाही. चार वर्षे उत्तम गेली. पाचव्या वर्षी हापूसच्या पेट्या वाटेत अडकल्या आणि नासल्या, त्याच सुमारास दुकानाचे भाडे वाढले. दुकान पाहणाऱ्याने खड्डा बुजवायला परस्पर कर्ज काढले. मित्राला सांगितले नाही. लबाडीमुळे नव्हे, संकोचामुळे. पुढच्या हंगामात भरून काढू, मग सांगू. दुसऱ्यालाही चाहूल लागली होती, त्यानेही विचारले नाही. तोही संकोचच. आठ महिने दोघे दर शनिवारी भेटत होते, एकत्र जेवत होते, आणि तो विषय सोडून सगळ्यावर बोलत होते. शेवटी बँकेचे पत्र चुकून दुसऱ्याच्या हाती पडले. रक्कम त्याला वाटली होती त्यापेक्षा बरीच कमी निघाली. पण ते आठ महिने भरून निघाले नाहीत. आज ती दोन कुटुंबे वेगवेगळ्या दिवशी आरतीला येतात. मुले एकाच वर्गात होती, तीही आता बोलत नाहीत.

डॉक्टर म्हणून मला या गोष्टीचे दुसरे टोक दिसते. झोप लागत नाही, छातीत धडधडते, रक्तदाब गोळ्यांना दाद देत नाही. तपासण्या स्वच्छ येतात. मग हळूहळू कळते की कुठेतरी न दाखवलेली वही आहे. 'विश्वास' या शब्दात 'श्वास' आहे. दोन्ही एकाच धातूपासून आलेले आहेत. ज्याच्याजवळ मोकळा श्वास घेता येतो, त्याच्यावर आपला विश्वास असतो. वही लपवणाऱ्याचा श्वास आधी कोंडतो, ज्याच्यापासून लपवली त्याचा नंतर.

आपल्या धर्मशास्त्राने या विषयाची किती काळजी घेतली आहे हे पाहिले की आश्चर्य वाटते. मनुस्मृतीत खटल्यांचे जे अठरा विषय सांगितले, त्यांत 'संभूयसमुत्थान' हा एक आहे. संभूय म्हणजे एकत्र येऊन, समुत्थान म्हणजे उद्योग उभा करणे. सरळ मराठीत भागीदारी. आणि मनूने भागीदारीचे उदाहरण दुकानदारांचे दिलेले नाही, यज्ञ करणाऱ्या ऋत्विजांचे दिले आहे! कोणी ऋत्विज काम अर्धवट सोडून गेला तर त्याने केले तेवढ्या कामाचाच वाटा त्याला मिळावा. दक्षिणेची विभागणी कशी, मुख्य ऋत्विजांना किती, त्यांच्या साहाय्यकांना किती, हे सारे तिथे ठरवून दिले आहे. आणि शेवटी म्हटले आहे की माणसे मिळून जे जे काम करतात, त्या सर्वांना हाच न्याय लावावा. यज्ञमंडपात दक्षिणेची वाटणी आधी ठरवण्यात ज्यांना कमीपणा वाटला नाही, त्यांचे आपण वंशज.

याज्ञवल्क्य स्मृती त्याहून पुढे जाते, ती थेट व्यापाऱ्यांविषयी बोलते. नफा आणि तोटा घातलेल्या भांडवलाच्या प्रमाणात, किंवा आपसात ठरले असेल त्या प्रमाणात. इतरांनी नको म्हटलेले, किंवा कोणी न सांगितलेले काम करून जो नुकसान करील, किंवा निष्काळजीपणाने करील, त्याने ते भरून द्यावे. संकटातून जो माल वाचवील त्याला दहावा हिस्सा अधिक. जो भागीदार कपट करील त्याला नफा न देता बाहेर काढावे. ज्याच्याने काम होत नसेल, त्याने ते दुसऱ्याकडून करवून घ्यावे. या स्मृतीवरची सर्वांत गाजलेली टीका म्हणजे विज्ञानेश्वरांची मिताक्षरा. ती कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानीत लिहिली गेली, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, बिदर जिल्ह्यात, आपल्या सीमेला अगदी लागून. नऊशे वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या गावात बसून एक विद्वान भागीदारांच्या हिशेबावर भाष्य करीत होता.

आजचा कायदाही फार वेगळे सांगत नाही. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्याचे नववे कलम भागीदारांवर काही गोष्टींची जबाबदारी टाकते. परस्परांशी न्यायाने आणि निष्ठेने वागणे, खरा हिशेब देणे, आणि पेढीवर परिणाम करणारी सर्व माहिती सांगणे. सिंगापूरचा कायदा १८९० च्या ब्रिटिश कायद्यावर आधारलेला आहे, त्यातही हेच आहे. माहिती 'मागितली तर' द्यावी एवढ्यावर हे कर्तव्य संपत नाही. आपल्या वरच्या उदाहरणातला मित्र मनाने लबाड नव्हता, पण या कसोटीला तो उतरत नाही. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. साध्या भागीदारीत एकाने पेढीच्या नेहमीच्या व्यवहारात पेढीच्या नावे केलेले देणे दुसऱ्याच्या गळ्यात येते, त्याला पत्ता असो वा नसो. त्याचे घरदेखील त्यात जाऊ शकते. मर्यादित दायित्वाच्या भागीदारीचा कायदा इथे २००५ साली आला, तो याच भीतीवरचा एक उपाय. पण कागदपत्रे करणाऱ्यालाच त्याचा उपयोग. जेवणाच्या टेबलावर ठरलेल्या भागीदारीला तो कुठून लागणार?

काही जण म्हणतील, डॉक्टर, हा कायद्याचा भाग झाला, धर्माचा भाग प्रेमाचा असतो. प्रेमात मोजमाप कसले?

शस्त्रक्रियागृहात पोट शिवून टाकण्याआधी परिचारिका मोठ्याने मोजतात. आत किती गॉजच्या घड्या गेल्या, किती बाहेर आल्या. सुया किती, चिमटे किती. एक मोजते, दुसरी तिच्याबरोबर मोजते. आकडा जुळला नाही तर सर्जन कितीही ज्येष्ठ असो, त्याला थांबावे लागते. तीस वर्षे हात चालवलेल्या सर्जनला 'माझ्यावर विश्वास नाही का?' असे विचारताना मी ऐकलेले नाही. मोजणारी परिचारिका त्याच्यावर रागावलेली नसते, तिला रुग्णाची काळजी असते. धंद्यातही टेबलावर एक तिसरा जीव असतो. दोन भागीदारांची मैत्री, दोघांची घरे, नोकरांचे पगार. हिशेब मागायचा तो त्याच्या वतीने.

तुकोबांचे चरित्र आठवा. त्यांच्या घरी देहूला महाजनकी होती, दुकान होते, लोकांकडून येणे होते. दुष्काळात सारे कोसळले, पत्नी आणि मुलगा गेला. पुढे विरक्ती आली तेव्हा त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, हे आपण सर्व जाणतो. पण कीर्तनकार घाईत असले की मधला भाग गाळतात. धाकटे बंधू कान्होबा म्हणाले, तुम्ही साधू झालात, मला संसार चालवायचा आहे. तुकोबांनी खतांचे दोन सारखे वाटे केले. कान्होबांचा वाटा त्यांच्या हाती दिला, आणि आपला तेवढा डोहात टाकला. वैराग्याच्या त्या उंचीवरही दुसऱ्याच्या वाट्याला त्यांनी हात लावला नाही. उदार व्हायचे ते आपल्या निम्म्यात! भागीदाराच्या पैशातून दानशूर होणारी माणसे आपण पाहतो. मित्राला उधारी सोडून द्यायची, नातेवाइकाला दुकानातून फुकट माल द्यायचा, देवळाला पेढीच्या नावाने देणगी द्यायची आणि दुसऱ्या भागीदाराला पावतीसुद्धा दाखवायची नाही. त्यांनी तुकोबांचा हा प्रसंग पुन्हा वाचावा.

(१९३६ चा प्रभातचा 'संत तुकाराम' हा चित्रपट आपल्यातील जुन्या पिढीने पाहिला असेल. तो दामले आणि फत्तेलाल या दोन मित्रांनी मिळून दिग्दर्शित केला, दोघेही प्रभातच्या पाच मूळ भागीदारांपैकी. १९२९ साली कोल्हापुरात पाच जणांनी काढलेली ती संस्था. तिच्या उदयास्तावर लिहायचे तर वेगळी स्मरणिका काढावी लागेल.)

दामाजीपंतांची कथा याच्या उलट बाजूची. मंगळवेढ्याला बादशाही धान्याची कोठारे त्यांच्या ताब्यात होती. दुष्काळात माणसे अन्नावाचून मरू लागली तेव्हा त्यांनी कोठारे लुटवली. हेतू पवित्र, पण धान्य त्यांचे नव्हते. कथेत पुढे काय होते? बिदरला बोलावणे येते, आणि साक्षात पांडुरंग विठू महाराच्या रूपाने दरबारात जाऊन धान्याची किंमत चुकती करतो. आणि पावती घेतो! ती पावती दामाजीपंतांच्या पोथीत नेऊन ठेवतो. चमत्कारच करायचा तर बादशहाची वही कोरी करता आली असती, बादशहाला विसर पाडता आला असता. देवाने तसे केले नाही. भक्ताच्या दयेचे कौतुक त्याने केले, पण खाते मात्र पैसे भरून मिटवले.

पैठणच्या नाथांची गोष्ट तर सर्वांच्या तोंडी आहे. देवगिरीला जनार्दनस्वामींकडे असताना एका पैची चूक शोधायला त्यांनी सारी रात्र घालवली, आणि ती सापडताच टाळी वाजवली. स्वामींनी ते पाहिले आणि ओळखले की हा शिष्य परमार्थालाही असाच लागेल.

आता आपल्या पायाखालच्या भूमीकडे येऊ. टँक रोडचे श्री तेंडायुथपाणी मंदिर आपल्याला थैपूसममुळे माहीत आहे. १८५९ साली ते नाट्टुकोट्टै चेट्टियार समाजाने बांधले. हे सावकार मार्केट स्ट्रीटवर 'किट्टंगी'त बसत. एका लांब दालनात अनेक पेढ्या, प्रत्येकाची एक बैठी मेज, एक पेटी आणि वह्या. मालक तिकडे चेट्टिनाडला, आणि इथे त्याचा मुनीम, साधारण तीन वर्षांसाठी. तीन वर्षांनी नवा मुनीम येई आणि जुना त्याला सारी वही समजावून देऊन परत जाई. हिशेब नियमाने गावी पाठवायचा असे. नफ्यातला ठरलेला भाग मुरुगनस्वामींच्या नावे देवळाकडे जाई. व्याजाचे दरदेखील देवळातल्या बैठकीत ठरत. शेजारच्या मेजेवर दुसऱ्या पेढीचा माणूस बसलेला, सगळे एकमेकांच्या नजरेसमोर. किट्टंगी आता राहिल्या नाहीत, त्या जागी उंच इमारती आहेत. पण समुद्रापलीकडच्या मालकाचा पैसा केवळ शब्दावर इतकी वर्षे सांभाळला गेला असे आपण म्हणतो, तेव्हा त्या शब्दामागे तीन वर्षांनी बदलणारा माणूस आणि दुसऱ्याच्या हाती सोपवावी लागणारी वही होती, हे ध्यानात घ्यावे.

त्या मार्केट स्ट्रीटपासून हाकेच्या अंतरावर, आपल्याच आठवणीत, उलटेही घडले. १७६२ साली स्थापन झालेली बेरिंग्ज बँक लंडनची. तिच्या इथल्या कचेरीत निक लीसन नावाचा तरुण सौदे करीत होता, आणि सौद्यांची नोंद तपासणारा विभागही त्याच्याच हाताखाली होता. तोटा तो ८८८८८ क्रमांकाच्या खात्यात टाकीत गेला. १९९४ मध्ये बँकेच्याच तपासनिसांनी ही दोन कामे वेगळी करा असे सुचवले होते, ते झाले नाही. वरिष्ठांना मोठा नफा दिसत होता, लंडनहून पैसा येत राहिला. १७ जानेवारी १९९५ ला कोबेचा भूकंप झाला, बाजार पडला, आणि फेब्रुवारीच्या अखेरीस बँक बुडाली. तोटा सुमारे ८२.७ कोटी पौंडांचा. ती बँक डच कंपनीने एका पौंडाला घेतली. लीसनला इथल्या न्यायालयाने साडेसहा वर्षांची शिक्षा दिली. मला त्या तरुणापेक्षा त्याच्या वरिष्ठांचे नवल जास्त वाटते. आकडे येत होते, ते समजत नव्हते, आणि तरी लेखणी थांबत नव्हती. गणपतीची अट त्यांनी पाळली, व्यासांची सोडून दिली.

व्यासांची अट रोजच्या व्यवहारात कशी पाळायची, याबद्दल मी व्यापारी नसताना बोलणे धाडसाचे आहे, पण इतक्यांची दुखणी ऐकल्यावर थोडे सांगण्याचा अधिकार असावा. ज्याला ताळेबंद वाचता येत नाही त्याने तो दुसऱ्याकडून समजून घेतल्याशिवाय सही करू नये, मग समोर सख्खा भाऊ का असेना. पुष्कळ घरांत पत्नीचे नाव भागीदार म्हणून असते आणि तिने एकही वही पाहिलेली नसते. हे मला सर्वांत घातक वाटते, कारण देणे आले की ते तिच्याही नावावर येते. धनादेशावर दोन सह्या, महिन्यातला एक ठरलेला दिवस वही उघडण्याचा, उचल किती आणि केव्हा हे लिहिलेले, आणि कोणी आजारी पडला, वारला किंवा भारतात परत गेला तर काय, हेही लिहिलेले. शेवटच्या मुद्द्याला लोक 'अशुभ बोलू नका' म्हणतात. याज्ञवल्क्यांना तो अशुभ वाटला नव्हता. परदेशी गेलेला भागीदार तिकडेच वारला तर त्याचा वाटा कोणी घ्यावा, हे त्यांनी लिहून ठेवले आहे.

आणि तोटा झाला तर त्याच आठवड्यात सांगावे. नफा महिनाभर उशिरा सांगितला तरी चालतो.

कधी भागीदारी संपवावीच लागते. तीही संपवण्याची रीत आपल्याला याच उत्सवाने शिकवली आहे. गणपती आपण एकदम उचलून पाण्यात नेत नाही. आधी उत्तरपूजा करतो, अक्षता वाहतो, मूर्ती जागची किंचित हलवतो, हातावर दही ठेवतो, पुन्हा यायचे निमंत्रण देतो. भागीदारीचीही उत्तरपूजा व्हावी. शेवटचा हिशेब दोघांनी एकत्र बसून करावा, येणेदेणे मिटवावे, शक्य तर समाजातील एखाद्या वडीलधाऱ्याला साक्षीला बसवावे. मी अशा दोन बैठकी पाहिल्या आहेत. एकीत रात्री साडेअकरापर्यंत आवाज चढलेले होते. पण वही मिटल्यावर घरातल्या वहिनींनी पिठले-भात वाढला, आणि दोघेही जेवले. आज त्यांचा धंदा वेगळा आहे, दिवाळीचा फराळ मात्र एकमेकांकडे जातो.

आपल्या उत्सवाचाही जमाखर्च विसर्जनानंतर मांडला जातो. देणगी किती, प्रसादाला किती, सजावटीला किती, शिल्लक किती. खजिनदार मंडळी रात्री जागून तो तयार करतात, आणि ऐकायला बहुधा समिती आणि त्यांच्या घरची माणसे एवढीच असतात. यंदा सर्वांनी यावे, आणि कागद हाती घेऊन एखादा तरी प्रश्न विचारावा. खजिनदारांना मी आधीच सांगून ठेवले आहे, त्यांना राग येणार नाही. चहा आणि उरलेले मोदक आहेतच.

॥ गणपती बाप्पा मोरया ॥